संसर्गजन्य रोग शिकायचेत? आधी दार निवडा

"बीएस्सी मायक्रो झालंय. आता संसर्गजन्य रोगांत पुढे काही करता येईल का?" कोविडनंतर हा प्रश्न वारंवार कानावर येतो. विचारणारा कधी बीएस्सीवाला असतो, कधी एमबीबीएसची इंटर्नशिप संपत आलेली मुलगी, तर कधी तिचे वडील. "येईल की" एवढ्या उत्तरावर भागत नाही, कारण या नावाचा एकच एक अभ्यासक्रम नाही. एकाच रोगाकडे वेगवेगळ्या बाजूंनी जाणाऱ्या तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीचं दार वेगळ्या गल्लीत उघडतं. त्या ओळखता याव्यात म्हणून आपण एक रोग हाताशी धरू : माकडताप.

त्याचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलाच्या आसपास माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडली. पुण्यात १९५२ साली सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. माणसाला हा ताप मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून होतो. कित्येक दशकं तो कर्नाटकातच राहिला, पुढे गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात दिसू लागला. काजूच्या हंगामात बागेत आणि रानात वावरणारी माणसं त्याच्या तावडीत सापडतात.

समजा, असा एक मजूर तापाने फणफणला. त्याच्यामागे तिघं कामाला लागतात. पहिली डॉक्टर. ती त्याच्या खाटेशी उभी असते, प्लेटलेट किती उतरल्या, हिरड्यांतून रक्त येतंय का, हे पाहते. दुसरी व्यक्ती त्या मजुराला कधीच भेटत नाही. तिच्यापुढे त्याच्या रक्ताची नळी येते आणि त्यात विषाणूचा अंश आहे का, हे तिला सांगायचं असतं. तिसरी व्यक्ती थेट वाडीवर जाते : माकड कुठे मेलं, ताप आणखी किती घरांत आहे, कधीपासून आहे. या तिघांतलं आपल्याला कोण व्हायचंय, हे आधी ठरवावं. पदवीचं नाव त्यानंतर शोधायचं.

पहिलं दार खाटेकडे नेतं आणि ते एमबीबीएसवाल्यांपुरतंच आहे. नीट-पीजी द्यायची, तीन वर्षं एमडी जनरल मेडिसिन किंवा बालरोग करायचं, मग नीट-एसएस देऊन आणखी तीन वर्षं डीएम, म्हणजे अतिविशेष पदवी, संसर्गजन्य रोगांत घ्यायची. एमबीबीएसनंतर सहा वर्षं सरळ धरून चालावं. डीएमच्या या विषयातल्या जागा देशभरात हृदयरोगाच्या मानाने फारच कमी आहेत. त्यामुळे 'मला हेच करायचं' म्हणणाऱ्याने एमडीची तीन वर्षं नुसती पायरी समजू नयेत. चांगलं जनरल मेडिसिन येत असेल, तर संसर्गजन्य रोगांचे रुग्ण आपल्याकडे कसेही येतातच.

दुसरं दार प्रयोगशाळेचं. त्यात दोन माणसं शेजारी शेजारी बसतात, पण आलेली असतात वेगळ्या वाटांनी. एक एमडी मायक्रोबायॉलॉजी केलेला डॉक्टर, दुसरी एमएस्सी झालेली वैज्ञानिक. एनआयव्ही आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांचा विषाणुशास्त्रातला दोन वर्षांचा एमएस्सी अभ्यासक्रम आहे. त्याशिवाय राज्यभरच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान आहेच. एमएस्सीनंतर संशोधनात टिकायचं असेल, तर पीएचडी जवळजवळ अटळ. त्यासाठीची पाठ्यवृत्ती, म्हणजे दरमहा मिळणारं विद्यावेतन, सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआरची जेआरएफ अशा परीक्षांतून मिळते.

तिसरं दार वाडीकडे उघडतं. या शास्त्राचं नाव साथरोगशास्त्र, एपिडेमिऑलॉजी : रोग कोणाला, कुठे, कधी आणि का होतो, याचा हिशेब. एमबीबीएसवाले इथे एमडी कम्युनिटी मेडिसिन करून येतात. बाकीच्यांसाठी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि चेन्नईत आयसीएमआरची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था ही त्यातली परिचित ठिकाणं. नर्सिंग, दंतवैद्यक, आयुर्वेद अशा शाखांतले पदवीधरही एमपीएचकडे वळतात, प्रत्येक संस्थेची पात्रतेची अट मात्र वेगळी वाचावी. पशुवैद्यक झालेल्यांना हे दार आपलं वाटत नाही, याचं मला नवल वाटतं. गोचीड, माकड, गुरं आणि माणूस एका साखळीत असलेल्या रोगात पशुवैद्याइतका उपयोगी माणूस दुसरा कोण?

इथेच पहिली मोठी चूक होते. पदवीच्या नावात 'क्लिनिकल' किंवा 'मेडिकल' दिसलं, की रुग्ण तपासता येतील असा समज होतो. एमएस्सी मेडिकल मायक्रोबायॉलॉजी किंवा परदेशातली एमएस्सी इन्फेक्शस डिसीजेस, दोन्ही पदव्या उत्तम आहेत. पण एमबीबीएस नसलेल्याला त्यांमुळे औषध लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी हे घरच्यांनाही सांगून ठेवावं, नाहीतर दोन वर्षांनी मावशी दवाखाना कधी टाकणार म्हणून विचारत बसतात.

परदेशाचंही थोडं. १८९९ साली सुरू झालेलं लंडनचं स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या विषयातलं जुनं आणि मोठं नाव आहे. ब्रिटनमध्ये मास्टर्स १८० श्रेयांकांचं असतं. एक श्रेयांक म्हणजे ढोबळमानाने दहा तासांचा अभ्यास, म्हणजे एकूण अठराशे तास. पूर्णवेळ केलं तर हे सारं एका वर्षात बसवतात. ६० श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि १२० वर पदविका अशा त्याआधीच्या पायऱ्याही असतात. लंडन विद्यापीठामार्फत हा विषय दूरशिक्षणानेही घेता येतो, पण प्रयोगशाळेत हात बसवायचा असेल तर घरबसल्या तो बसत नाही. सरकारी नोकरीसाठी परदेशी पदवी दाखवायची झाल्यास तिची समकक्षता, म्हणजे इथल्या पदवीइतकी ती मानली जाते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

दार ठरलं की मान्यता तपासायची. एमडी-डीएमसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाची, विद्यापीठाच्या पदव्यांसाठी यूजीसीची. माहितीपत्रकातल्या चकचकीत शिक्क्यावर न जाता त्या त्या नियामकाच्या यादीत संस्था, अभ्यासक्रम आणि जागांची संख्या, तिन्ही पाहावं. संस्था मान्य पण अभ्यासक्रम नाही, असंही असू शकतं.

मग कागद. प्रवेश परीक्षेची तयारी वर्षभर चालते आणि प्रवेश अडतो एका दाखल्यावर. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, निकालानंतर अर्ज करून ते हाती येण्याची खात्री नसते. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत पाहावी. ओबीसी उमेदवारांनी आणखी एक लक्षात ठेवावं : राज्याच्या आणि केंद्राच्या दाखल्याचा नमुना वेगळा असतो. देशपातळीवरच्या जागांना केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तहसील कार्यालयात अर्ज करतानाच दोन्ही मागावेत.

परीक्षेबद्दल थोडक्यात. नीट-पीजीत २०० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकल्यास एक वजा. इंटर्नशिप कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण व्हायला हवी, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. दोन-चार दिवसांनी चुकलेली माणसं दरवर्षी हळहळतात. एमएस्सीसाठी विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा असतात, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. अर्जांच्या मुदती एका पाठोपाठ एक संपतात, म्हणून त्या एका कागदावर मांडून भिंतीला लावाव्यात. सरकारी वैद्यकीय जागा घेणाऱ्यांनी बंधपत्र, म्हणजे बॉण्ड, सही करण्याआधी पूर्ण वाचावं : किती काळ सेवा, आणि मधेच जागा सोडली तर किती भरपाई.

पहिल्या सत्रात बहुतेकांना धक्का बसतो तो संख्याशास्त्राचा. जंतू शिकायला आलेल्या माणसासमोर मध्यक आणि प्रमाण विचलन येऊन उभं राहतं. हे टाळता येत नाही, टाळूही नये. एमडीच्या विद्यार्थ्यांना तर संशोधन पद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करून त्याची परीक्षा पास व्हावीच लागते. तो शेवटच्या वर्षावर ढकलण्याची पद्धत आहे. मला ती उलटी वाटते. प्रबंधाचा आराखडा लिहिण्याआधी तो झाला, तरच त्याचा काही उपयोग.

प्रयोगशाळेत पहिले काही आठवडे काही 'शोध' लागत नाही. हात शिकतात. जैवसुरक्षेच्या चार पातळ्या असतात. पहिलीत निरुपद्रवी जंतू, चौथीत ज्यांवर खात्रीचा उपचार वा लस नाही असे घातक विषाणू. पुण्यात पाषाणला एनआयव्हीची चौथ्या पातळीची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. हे वाचून मुलांचे डोळे चमकतात, पण माकडतापाचा जिवंत विषाणू सहसा कोणी मास्टर्सच्या विद्यार्थ्याच्या हाती देत नाही. आपल्या वाट्याला येतो तो निष्क्रिय केलेला नमुना, त्यातून वेगळं केलेलं आरएनए आणि पिपेट. शिरताना हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असावी. आणि सुई टोचली तर लपवू नये, त्याच क्षणी सांगावं.

रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत. प्रतिजैविक सुरू झाल्यावर रक्त घेतलं तर जंतू उगवत नाहीत. कातडी नीट पुसली नाही तर कातडीवरचेच जंतू उगवतात आणि अहवालात दिमाखाने येतात. मोठ्या माणसाच्या एका बाटलीला आठ-दहा मिलिलिटर रक्त लागतं, घाईत तिथे तीनच भरतात. ही चूक प्रयोगशाळेत दुरुस्त होत नाही, ती खाटेपाशीच झालेली असते. म्हणून दुसऱ्या दाराने आलेल्यांनीही आठवड्यातून एकदा वॉर्डात चक्कर मारावी.

एमडीच्या विद्यार्थ्यांना अधल्यामधल्या सत्रांत तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. मोठ्या शहरातल्या मुलांना ती शिक्षा वाटते. पण माकडताप, लेप्टो किंवा स्क्रब टायफस हे रोग पहिल्यांदा उजेडात येतात ते तालुक्याच्या बाह्यरुग्ण विभागात. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

आता प्रबंध. एमएस्सीला लहान, एमडीला मोठा, पण अडतात सगळे इथेच. म्हणून इथे सावकाश जाऊ.

विषय निवडताना विद्यार्थी रोगाच्या थरारावर भाळतात. त्याआधी एक साधं काम करावं : आपल्या विभागाची नोंदवही उघडून गेल्या तीन वर्षांत त्या रोगाचे किती रुग्ण आले, ते मोजावं. माकडतापाचे वर्षाला पाचच येत असतील, तर दीड वर्षात आठ होतील. आठ रुग्णांवर प्रबंध उभा राहत नाही. तेव्हा प्रश्न बदलावा : 'डिसेंबर ते मे या काळात काजूच्या बागेत काम केलेले आणि ताप घेऊन आलेले रुग्ण', त्यांत काय काय निघतं. हा जास्त उपयोगी प्रश्नही आहे.

पुढचा टप्पा नमुना आकाराचा, म्हणजे किती माणसं घ्यायची याचा. प्रमाण मोजायचं असेल तर आपल्याकडे एक सोपं सूत्र वापरतात : चार गुणिले अपेक्षित टक्केवारी, गुणिले उरलेली टक्केवारी, भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. समजा, शंभरातल्या वीस जणांत एखादी गोष्ट सापडेल असा अंदाज आहे आणि पाच टक्के इकडेतिकडे चालेल. चार गुणिले वीस गुणिले ऐंशी म्हणजे ६४००, भागिले पंचवीस, उत्तर २५६. चूक दहा टक्के चालवली तर ६४ माणसं पुरतात, दोनच टक्के हवी तर १६०० लागतात. पुष्कळ प्रबंधांत आकडा आधी ठरतो, 'शंभर बरे', आणि सूत्र मागून बसवलं जातं. परीक्षक हे ओळखतात. आपली मुदत, आपले रुग्ण आणि हा आकडा, तिघांचं जमेपर्यंत कागदावरच खटपट करावी.

मग नीतिसमिती, म्हणजे एथिक्स कमिटी. संशोधनात भाग घेणाऱ्या माणसाचं हित पाहणारी ही समिती असते. तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, सदस्यांत कायदा जाणणारा आणि सामान्य नागरिकही असतो. तिची बैठक रोज होत नसते, एक हुकली की पुढचीची वाट पाहायची. तिच्या मंजुरीआधी घेतलेला एकही रुग्ण प्रबंधात धरता येत नाही. उपचाराची चाचणी करणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणी झालेली हवी, मागाहून ती होत नाही.

समितीकडून सर्वांत जास्त परत येतं ते मराठी संमतिपत्र. इंग्रजी नमुना शब्दाला शब्द लावून उतरवलेला असतो : 'प्रस्तुत अध्ययनातील सहभागाबाबत मी स्वेच्छेने अनुमती प्रदान करीत आहे.' दोडामार्गातल्या बाईला हे कोण समजावणार? त्याऐवजी लिहावं : 'तुमच्या हातातून दोन चमचे रक्त घेऊ. नाही म्हणालात तरी उपचार तेच मिळतील.' लिहून झाल्यावर विभागातल्या मावशींना वाचून दाखवावं. त्यांना कळलं, तर ते संमतिपत्र. लहान मुलांसाठी पालकांची संमती लागते. सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही विचारायचा असतो, बारापुढे तो लेखी घ्यायचा.

आणि मग माहिती गोळा करणं, जिथे मला वाटतं हा सारा विषय एका रकान्यात येऊन उभा राहतो : तापाचा पहिला दिवस कोणता?

केसपेपरवर हमखास असते ती दाखल झाल्याची तारीख. पण खाटेपाशी, प्रयोगशाळेत आणि वाडीवर तिघांनाही हवा असतो तो आजार सुरू झाल्याचा दिवस. माकडतापात सुरुवातीच्या दिवसांत रक्तात विषाणू असतो, तेव्हा पीसीआर चाचणी त्याला पकडते. पुढे विषाणू ओसरतो आणि शरीराने तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूविरुद्धची प्रथिनं, दिसू लागतात. दहाव्या दिवशीच्या रक्ताचा पीसीआर निगेटिव्ह आला म्हणून 'माकडताप नाही' असं लिहिणं ही चूक प्रयोगशाळेची नाही, त्या रिकाम्या रकान्याची आहे. काही रुग्णांना ताप उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो आणि डोकेदुखी, थरथर, भ्रम अशी लक्षणं दिसतात. अशा वेळी 'ताप तीन दिवसांपासून' ही नोंद अर्धीच खरी असते. साथीचा आलेख, म्हणजे कोणत्या दिवशी किती जण आजारी पडले याचं चित्र, तोही दाखल तारखेवर काढला तर साथ खऱ्यापेक्षा उशिरा सुरू झाल्यासारखी दिसते.

हा दिवस विचारून लगेच मिळत नाही. "कधीपासून ताप?" म्हटलं की "झाले चार-पाच दिवस" हे ठरलेलं उत्तर. कॅलेंडरच्या तारखा माणसाला आठवत नाहीत, प्रसंग आठवतात. आठवडी बाजाराला गेलात तेव्हा अंग दुखत होतं का? संकष्टीला जेवलात का? बागेत शेवटचे कधी गेलात? असे दोन-तीन खुंटे ठोकले की दिवस सापडतो. तो प्रसंगासकट वहीत लिहावा.

वहीतून संगणकात जातानाही तारखाच दगा देतात. ३/४ लिहिलेलं असेल तर एक्सेल आपल्या मांडणीप्रमाणे ते तीन एप्रिल समजेल किंवा चार मार्च. दोन्ही तारखा हंगामातल्याच असल्यामुळे चूक डोळ्यांना दिसतही नाही. महिना अक्षरात लिहावा. आणि रोज भरलेल्या माहितीची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, लॅपटॉप चोरीला जाण्याचा मुहूर्त प्रबंधाच्याच वर्षी येतो.

लेखनाला शेवटचे दोन महिने ठेवू नयेत. एमडीचा प्रबंध अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी द्यावा लागतो. साहित्याचा आढावा पहिल्या वर्षीच लिहून होतो. पद्धतीचं प्रकरण म्हणजे नीतिसमितीला दिलेलाच आराखडा, फक्त 'करणार आहोत'चं 'केलं' करायचं. उचलेगिरीची तपासणी होते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पण नऊ टक्के म्हणजे सवलत समजून कोणाचा परिच्छेद उचलू नये. निष्कर्ष नकारार्थी आला तर घाबरण्याचं कारण नाही. घाबरून आकडे ओढूनताणून बसवणाऱ्यांचीच तोंडी परीक्षेत पंचाईत होते.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. ते सहसा प्रबंधाचा शेवट विचारत नाहीत, मधलं एखादं कोष्टक उघडतात. एका ओळीवर बोट ठेवतात : इथे पहिला दिवस १४ मार्च लिहिलाय, रुग्ण तर २१ला दाखल झाला. कशावरून? त्या वेळी ती जाडजूड वही जवळ असावी. पान उलटायचं आणि वाचून दाखवायचं : 'शिमग्याची पालखी दारी आली, त्या संध्याकाळी हुडहुडी भरली. शेजारणीने दुजोरा दिला.'